तिजोरीचे कुलूप आणि देशाचा शब्द

अमेरिकेच्या राजकारणाचे खरे दुखणे समजून घ्यायचे असेल, तर नोव्हेंबर १९९५ मधला एकच आठवडा नीट पाहिला तरी पुरे आहे. १४ नोव्हेंबरला तिथल्या केंद्र सरकारचे कामकाज पैशाच्या मंजुरीअभावी बंद पडले आणि सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांना घरी बसावे लागले. त्याच वेळी ओहायो राज्यात डेटन शहराजवळच्या हवाई दलाच्या तळावर अमेरिकी मुत्सद्दी रिचर्ड हॉलब्रुक हे सर्बिया, क्रोएशिया आणि बोस्निया यांच्या अध्यक्षांना एका कुंपणाच्या आत ठेवून साडेतीन वर्षे पेटलेले युद्ध विझवण्याची खटपट करत होते. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ओसाका येथील आशिया-पॅसिफिक शिखर परिषदेला जाणे आणि तिला जोडून ठरलेला जपानचा दौरा रद्द केला आणि उपाध्यक्ष अल गोर यांना परिषदेला पाठवले. इकडे व्हाइट हाउसमध्ये पगारी कर्मचारी नसल्यामुळे बरीच कामे बिनपगारी प्रशिक्षणार्थींकडे आली होती. त्यांच्यातल्या एका तरुणीशी क्लिंटन यांचे संबंध नेमके याच दिवसांत सुरू झाले आणि तीन वर्षांनी ते प्रकरण महाभियोगापर्यंत गेले. तिचे नाव त्यानंतर जगभर इतके चघळले गेले की ते इथे पुन्हा घेण्याचे कारण नाही.

वर्तमानपत्रे या घटना तीन वेगवेगळ्या पानांवर छापतात. अंदाजपत्रकाचा झगडा अर्थकारणाच्या पानावर जातो, डेटन आणि ओसाका परराष्ट्र घडामोडींमध्ये, आणि प्रकरण पहिल्या पानावर. वाचणाऱ्यालाही मग या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असे वाटू लागते. माझे म्हणणे असे आहे की हा एकच विषय आहे आणि त्याची गाठ सरकारी तिजोरीपाशी आहे. तिजोरीला कुलूप लावणे हे जिथे पक्षीय लढाईचे हत्यार बनते, तिथे परदेशाला दिलेला शब्द कच्चा राहतो, आणि ज्या गैरव्यवहारांवर देशाने खरोखर संतापायला हवे त्यांच्याऐवजी भलत्याच गोष्टींवर संताप खर्च होतो. म्हणून सरकार बंद पाडण्याची ही सोय अमेरिकेने कायद्याने संपवली पाहिजे.

जपानच्या रद्द झालेल्या भेटीचा विचार आधी करतो, कारण तिची किंमत सहसा कोणी मोजत नाही. सप्टेंबर १९९५ मध्ये ओकिनावा बेटावर तीन अमेरिकी सैनिकांनी बारा वर्षांच्या शाळकरी मुलीवर बलात्कार केला होता. ऑक्टोबरमध्ये त्या बेटावर हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि अमेरिकेचे तळ तिथे असावेत की नाही, हाच प्रश्न विचारला जाऊ लागला. शीतयुद्ध संपल्यानंतर जपान आणि अमेरिका यांच्या सुरक्षा कराराला नवा अर्थ द्यायचा होता आणि त्यासाठीच नोव्हेंबरची भेट ठरली होती. दुखावलेल्या मित्रदेशासमोर राष्ट्राध्यक्षाने स्वतः उभे राहण्याची ती वेळ होती, आणि ते वॉशिंग्टनमध्ये अडकून पडले होते. दोन्ही देशांचे संयुक्त घोषणापत्र पुढे एप्रिल १९९६ मध्ये झाले, म्हणजे काम बुडाले नाही; पण ज्या महिन्यांत जखम ओली होती ते महिने निघून गेले. राजनीतीत उशिराने केलेले काम आणि वेळेवर केलेले काम कागदावर सारखे दिसते, माणसांच्या मनात ते सारखे नसते.

आता हे कुलूप आले कुठून, ते पाहू. अमेरिकेच्या राज्यघटनेत एवढेच म्हटले आहे की कायद्याने मंजुरी दिल्याखेरीज तिजोरीतून पैसा काढता येणार नाही. मंजुरीशिवाय सरकारी खात्यांनी देणी अंगावर घेऊ नयेत, असा एक कायदाही एकोणिसाव्या शतकापासून आहे. पण मंजुरीला उशीर झाला की कार्यालयांना टाळे लावायचे, असा रिवाज मात्र नव्हता. १९७० च्या दशकात कित्येकदा नवी तरतूद वेळेवर झाली नाही, तेव्हा खाती काटकसर करून चालू राहिली, कारण काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, आज ना उद्या पैसा देणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेले होते. १९८० मध्ये ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्या जुन्या कायद्याचा काटेकोर अर्थ लावला आणि तरतूद नसेल तर कामकाज थांबवलेच पाहिजे असे मत दिले. १९८१ च्या जानेवारीत जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाची कामे त्यातून वगळली. म्हणजे ज्याला आज अमेरिकी लोकशाहीचा अटळ भाग समजले जाते, त्याचे वय जेमतेम साडेचार दशके आहे आणि त्याचा जन्म एका कायदेशीर अभिप्रायातून झाला आहे. सिव्हिलेटी यांचा हेतू शिस्तीचा होता, यात मला शंका नाही. पण शिस्तीसाठी दिलेले मत पुढच्या पंधरा वर्षांत धमकीचे साधन झाले.

संसदीय पद्धतीत असे होत नाही, याचेही कारण आहे. सरकारला पैसा नाकारला गेला तर तिथे सरकार जाते, आणि प्रश्न मतदारांकडे येतो. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने गॉफ व्हिटलम यांच्या सरकारची तरतूद अडवून धरली, तेव्हा गव्हर्नर जनरलनी ११ नोव्हेंबरला त्यांना पदावरून दूर केले आणि १३ डिसेंबरला निवडणूक झाली. व्हिटलम यांना ज्या रीतीने काढले गेले ती रीत मला मुळीच मान्य नाही; तरीही पेच महिन्याभरात सुटला आणि तो मतदारांनी सोडवला. आपल्याकडे अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत लेखानुदानाची तरतूद राज्यघटनेच्या ११६ व्या अनुच्छेदात आधीच करून ठेवलेली आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस दोघेही ठराविक मुदतीसाठी निवडून आलेले असतात, पैशाच्या भांडणावरून कोणी कोणाला घालवू शकत नाही, आणि म्हणून भांडण लांबले तर त्याचा भार भांडणाऱ्यांवर न पडता कार्यालयातल्या कारकुनावर आणि त्याच्या दारात उभ्या असलेल्या नागरिकावर पडतो.

१९९५ चे भांडण खोटे होते असे मी म्हणत नाही. १९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह, म्हणजे काँग्रेसचे कनिष्ठ सभागृह, जिंकले होते आणि सात वर्षांत अंदाजपत्रक समतोल करावे ही त्यांची मागणी मतदारांपुढे मांडलेली होती. वृद्धांच्या आरोग्यविम्याचा हप्ता किती असावा, यावर क्लिंटन यांचे मत वेगळे होते आणि तेही प्रामाणिक होते. अशी भांडणे व्हायलाच हवीत. पण त्या भांडणाला कसले वळण लागले ते पाहा. इस्राएलचे पंतप्रधान इत्झाक राबिन यांची ४ नोव्हेंबरला हत्या झाली, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीला क्लिंटन यांच्याच विमानातून प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन सभापती न्यूट गिंग्रिच गेले होते. १५ नोव्हेंबरला, सरकार बंद पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी पत्रकारांना सांगितले की परतीच्या प्रवासात आपल्याशी कोणी बोलले नाही, मागच्या दाराने उतरावे लागले, आणि तरतुदीचे विधेयक अधिक कडक करण्यामागे हेही एक कारण होते. शांततेसाठी प्राण गमावलेल्या माणसाच्या अंत्ययात्रेतली खुर्ची आणि आठ लाख घरांचा पगार यांचा संबंध जोडण्याची मोकळीक ज्या व्यवस्थेत एका माणसाला मिळते, त्या व्यवस्थेत दोष आहे. गिंग्रिच यांच्या स्वभावावर टीका करून हा दोष झाकला जातो, आणि पुढचा सभापती किंवा पुढचा सिनेट सदस्य तेच हत्यार उचलतो.

त्या आठवड्यातून उगवलेले प्रकरण १९९८ मध्ये जाहीर झाले आणि वर्षभर देशाने दुसऱ्या कशाकडे पाहिले नाही. त्या वर्षी ७ ऑगस्टला नैरोबी आणि दार एस सलाम इथल्या अमेरिकी वकिलातींवर हल्ले झाले, २२४ माणसे मेली. १७ ऑगस्टला क्लिंटन यांनी आपल्या प्रकरणात ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, साक्ष दिली आणि २० ऑगस्टला अमेरिकेने अफगाणिस्तानातील तळांवर आणि सुदानच्या राजधानीतील अल-शिफा या औषध कारखान्यावर क्षेपणास्त्रे डागली. लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठी हे केले, असा संशय लगेच घेतला गेला. कारखान्यात रासायनिक अस्त्रांचे घटक बनत होते हा दावा पुढे कधी समाधानकारकपणे सिद्ध झाला नाही, आणि तेवढ्यापुरती टीका रास्तच होती. पण वकिलातींवरच्या हल्ल्यांमागे असलेल्या ओसामा बिन लादेनचा धोका खरा होता, आणि त्याबद्दल गंभीर चर्चा होण्याची जी एक संधी होती ती या संशयाच्या धुळीत हरवली. डिसेंबरात इराकवर चार दिवस बाँबहल्ले झाले, तेव्हा महाभियोगावरची चर्चा एक दिवस पुढे ढकलली गेली आणि १९ डिसेंबरला प्रतिनिधिगृहाने महाभियोग मंजूर केला. १२ फेब्रुवारी १९९९ ला सिनेटमध्ये एका आरोपावर ४५ आणि दुसऱ्यावर ५० मते पडली. दोषी ठरवायला लागत होती ६७.

क्लिंटन सुटले, पण मने सांधली नाहीत. १३ ऑक्टोबर १९९९ ला सर्वंकष अणुचाचणी बंदी करार सिनेटपुढे आला आणि ४८ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळला गेला. १९९६ मध्ये या करारावर पहिली सही स्वतः क्लिंटन यांनी केली होती. पोखरणच्या चाचण्यांनंतर जसवंत सिंह आणि अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टॅलबट यांच्यात ज्या प्रदीर्घ वाटाघाटी चालू होत्या, त्यांत भारताने या करारावर सही करावी हा अमेरिकेचा आग्रह होता. ज्या करारावर आपल्याच सिनेटने पाणी सोडले तो दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला आता अमेरिकेकडे कोणते तोंड उरले होते? भारताच्या दृष्टीने ते सोयीचे झाले, हे खरे. तरी सोयीच्या पलीकडे पाहिले तर जगाला चाचणीबंदीकडे नेण्याची एक वाट पक्षीय कडवटपणामुळे बुजली, ही हानी सर्वांची होती. करारावर तांत्रिक आक्षेप होते, पडताळणीविषयीचे मुद्दे होते. पण त्यांवर सावकाश विचार करण्याइतका विश्वास दोन्ही बाजूंत शिल्लकच नव्हता.

मग प्रकरणांचा तपासच करू नये का? करावा, आणि आज होतो त्यापेक्षा कठोरपणे करावा. फक्त कोणत्या प्रकरणांचा, याचे भान हवे. रिचर्ड निक्सन यांनी काँग्रेसने मंजूर केलेला पैसा खर्च न करता अडवून ठेवण्याचा सपाटा लावला होता. त्याला आळा घालणाऱ्या १९७४ च्या कायद्यावर त्यांनीच १२ जुलैला सही केली आणि ९ ऑगस्टला वॉटरगेटमुळे पद सोडले. लोकांना वॉटरगेट आठवते. तिजोरीचा तो कायदा अभ्यासकांशिवाय कोणाला आठवत नाही. रोनाल्ड रेगन यांच्या काळात निकाराग्वातील काँट्रा बंडखोरांना पैसा देऊ नये असे काँग्रेसने कायद्याने बजावले होते. तेव्हा त्यांच्या अधिकाऱ्यांनी इराणला गुपचूप शस्त्रे विकून त्यातला पैसा काँट्रांकडे वळवला, आणि त्याच वेळी अमेरिका इतर देशांना इराणला शस्त्रे विकू नका असे सांगत फिरत होती. २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रशासनाने युक्रेनसाठी मंजूर झालेली सुमारे ३९ कोटी डॉलरची सुरक्षा मदत रोखून धरली, आणि ती रोखलेली असतानाच २५ जुलैला ट्रम्प यांनी युक्रेनच्या अध्यक्षांकडे फोनवरून आपल्या राजकीय प्रतिस्पर्ध्याच्या चौकशीची गोष्ट काढली. काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी २०२० मध्ये निर्णय दिला की मदत रोखल्याने १९७४ च्याच कायद्याचा भंग झाला होता.

या तिन्ही उदाहरणांत लोकप्रतिनिधींनी ठरवलेला पैसा कार्यकारी सत्तेने आपल्या मर्जीने फिरवला किंवा अडवला, आणि त्यातून देशाचे परराष्ट्र धोरण नासले. ही खरी प्रकरणे आहेत. एका नेत्याचे खासगी स्खलन, त्याबद्दल त्याने शपथेवर सांगितलेले असत्य धरूनही, या पंक्तीत बसत नाही. शपथेवर खोटे बोलणे गंभीर आहे आणि त्याची शिक्षा व्हावी; परंतु १९९८-९९ मध्ये त्याच्यासाठी जेवढे राष्ट्रीय बळ खर्चले गेले त्याच्या चतुर्थांश बळही इराण-काँट्रातील दोषींना जाब विचारण्यात टिकले नाही, आणि त्यातल्या सहा जणांना डिसेंबर १९९२ मध्ये जॉर्ज बुश यांनी माफी देऊन टाकली, हे मला आजही खुपते.

कर्जमर्यादेचा झगडा हा याच रोगाचा दुसरा अवतार आहे. खर्च आणि कर आधीच काँग्रेसने ठरवलेले असतात. त्यांतली तूट भरण्यासाठी कर्ज काढण्याची परवानगी मात्र वेगळी मागावी लागते. २०११ मध्ये या परवानगीवरून इतकी ताणाताणी झाली की ५ ऑगस्टला स्टँडर्ड अँड पुअर्स या संस्थेने अमेरिकेचे सर्वोच्च पतमानांकन काढून घेतले, आणि लेखापरीक्षण कार्यालयाच्या अंदाजानुसार त्या एका वर्षात कर्जावरचा खर्च सुमारे १.३ अब्ज डॉलरने वाढला. २०२३ मध्ये फिचने आणि २०२५ मध्ये मूडीजने तेच केले. जे अमेरिकेला कर्ज देतात त्यांच्याशीच अमेरिका सुरक्षेची आणि व्यापाराची बोलणी करते, ही गोष्ट या भांडणात कुणाच्या ध्यानात राहत नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये सरकार सोळा दिवस बंद होते आणि कर्जमर्यादाही जवळ आली होती, तेव्हा देणी वेळेवर द्या असा जाहीर सल्ला चीनच्या अर्थ उपमंत्र्यांनी अमेरिकेला दिला. त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बराक ओबामा यांनी बाली आणि ब्रुनेई येथील आशियाई परिषदांना जाणे रद्द केले, आणि त्याच आठवड्यात शी जिनपिंग यांनी इंडोनेशियाच्या संसदेपुढे सागरी रेशीम मार्गाची कल्पना मांडली. आशियात नवी विकास बँक काढण्याचा प्रस्तावही त्यांनी त्याच दौऱ्यात पुढे केला. पुढे त्या बँकेत ब्रिटन आणि जर्मनी संस्थापक सदस्य म्हणून दाखल झाले. ओबामा गेले असते तर हे टळले असते, असे मी म्हणणार नाही. पण आशियाकडे वळण्याचे धोरण मोठ्या आवाजात जाहीर केलेला राष्ट्राध्यक्ष त्या दिवशी आशियात नव्हता, आणि का नव्हता हे तिथल्या प्रत्येक सरकारला ठाऊक होते.

या हत्याराला पक्ष नाही. २०१८-१९ मध्ये सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर हवेत म्हणून ट्रम्प यांनी सरकार ३५ दिवस बंद राहू दिले. काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने तेव्हाचे नुकसान ११ अब्ज डॉलरचे धरले आणि त्यातले ३ अब्ज कधीच भरून येणार नाहीत असे सांगितले. २०२५ मध्ये आरोग्यविम्यावरच्या अनुदानाची मुदत वाढवा म्हणून डेमोक्रॅटिक सिनेट सदस्यांनी तात्पुरती तरतूद अडवली आणि सरकार ४३ दिवस बंद राहिले. त्यांची मागणी मला भिंतीच्या मागणीपेक्षा कितीतरी न्याय्य वाटते. तरीही मार्ग तोच होता, आणि न्याय्य मागणीसाठी वापरलेले हत्यार अन्याय्य मागणीच्या हातात उद्या अधिक शोभून दिसते. शिवाय २०१९ च्या कायद्याने घरी बसवलेल्या कर्मचाऱ्यांना नंतर पूर्ण पगार देणे बंधनकारक केले आहे; म्हणजे काटकसरीच्या नावाने सुरू होणाऱ्या या लढाईत सरकार काम करून न घेता पगार देते.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा आहे की तिजोरीची किल्ली हाच काँग्रेसचा अखेरचा अधिकार आहे, आणि तरतूद आपोआप चालू राहू लागली तर राष्ट्राध्यक्ष निरंकुश होईल. मी हा आक्षेप हलका समजत नाही. वर सांगितलेली निक्सन, रेगन आणि ट्रम्प यांची उदाहरणे त्याच भीतीची आहेत. पण नवा पैसा नाकारणे आणि जुना, दोन्ही सभागृहांनी रीतसर मान्य केलेला पैसा बंद करणे यांत फरक आहे. पहिल्याने सत्तेला लगाम बसतो. दुसऱ्याने गाडीच थांबते, आणि थांबलेल्या गाडीतून कोणाला उतरवायचे, कोणते काम अत्यावश्यक, कोणता कर्मचारी बोलवायचा, हे शेवटी राष्ट्राध्यक्षच ठरवतो. टाळेबंदीत त्याची सत्ता उलट वाढते. दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो: मागच्या वर्षीची तरतूद आपोआप चालू राहिली, तर कालबाह्य योजनाही वर्षानुवर्षे रेटत राहतील आणि नवे अंदाजपत्रक करण्याची निकडच संपेल. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ठराविक काळाने ती तरतूद थोडीथोडी घटत जावी, अशी सूचना काही विधेयकांत होती. पण त्यात खर्चाला विरोध असणाऱ्यांनाच काही न करता जय मिळतो. तरीही दोन दोषांतून एक निवडायचा असेल, तर सुस्तपणा मी पत्करीन, ओलीस धरणे पत्करणार नाही.

हे अशक्य नाही, याचा दाखला अमेरिकेतच आहे. विस्कॉन्सिन राज्यात नवे अंदाजपत्रक वेळेवर मंजूर झाले नाही तर जुन्याच प्रमाणात खर्च चालू राहतो, आणि तिथे कडवे पक्षीय वैर असूनही राज्याची कार्यालये उघडी राहतात. केंद्रातही रिपब्लिकन सिनेट सदस्य रॉब पोर्टमन यांनी असे विधेयक वारंवार आणले आणि २०१९ च्या टाळेबंदीत डेमोक्रॅट मार्क वॉर्नर यांनीही आणले. एकही मंजूर झाले नाही, कारण आज बहुमतात असलेला प्रत्येक पक्ष उद्या आपण अल्पमतात असू तेव्हा हेच कुलूप आपल्या हाती असावे, असा हिशेब मनात ठेवून मत देतो.